मंगळवारची खरवड

शनिवार, ४ फेब्रुवारी २००६

दरवर्षी ऑफिसची डायरी मिळते आणि दरवर्षी मी ती लेकीला, अश्लेषाला, चित्रं काढायला देतो. यंदा ठेवून घेतली. आज जे झालं ते उल्काला सांगण्यासारखं नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये चायनीज न्यू इयरची पार्टी होती. मी कमिटी मेंबर, म्हणून संत्री मांडायचं काम माझ्याकडे. सी ब्लॉकमध्ये तीन महिन्यांपूर्वी एक जोडपं राहायला आलंय, डॉमिनिकन रिपब्लिकचं. हा देश अश्लेषाच्या अॅटलासमध्ये शोधावा लागला. क्यूबाच्या शेजारच्या बेटाचा मोठा तुकडा. बायको आल्टाग्रासिया, इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका लॅबमध्ये संशोधक. नवऱ्याचं नाव राधामेस. नावात राधा आणि थाट सगळा कृष्णाचा. सहा फूट उंची, पांढराशुभ्र शर्ट, वरची दोन बटणं उघडी.

गाणी लागल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "एर्मानो, तुमची परवानगी असेल तर तुमच्या पत्नीबरोबर एक नाच करू का?" एर्मानो म्हणजे भाऊ. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. उल्काच्या बाबतीत कुणी माझी परवानगी मागितली, असं चौदा वर्षांत पहिल्यांदाच झालं. मी "प्लीज, प्लीज" म्हणालो, खुर्ची पुढे करावी तसं.

मग उल्का नाचली. ती नाचू शकते हे मला माहीत नव्हतं. गणपतीत टाळ्यासुद्धा दबकत वाजवणारी बाई!

घरी आल्यावर म्हणाली, "रवी, नाचायचं माझ्याबरोबर आणि विचारायचं तुला? आणि तूही दिलीस लगेच, लायब्ररीचं पुस्तक दिल्यासारखी."

रागावली होती म्हणावं, तर बांगड्या काढताना गुणगुणत होती.

शनिवार, ११ फेब्रुवारी

राधामेसने शनिवारी पाच वाजता नाचाचा क्लास सुरू केलाय. मेरेंगे आणि बचाता. बचाता म्हणजे प्रेमभंगाची गाणी लावून कंबर हलवायची, एवढं मला समजलं. आठ बायका आणि बी ब्लॉकमधले रिटायर झालेले मिस्टर लिम. सगळं फुकट. बायको कमावते, हा डिपेंडंट पासवर, म्हणजे तिच्या व्हिसावर आलेला, परवानगीशिवाय कमाई करता येत नाही, म्हणून फुकट शिकवायला मोकळा.

मी मागच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलो. मी इंटर्नल ऑडिटमधला माणूस, बघायची सवय आहे. त्याने मिसेस चियाचा हात दोनदा धरला, उल्काचा पाचदा. "ती पटकन शिकते, तिला धरून बाकीच्यांना दाखवतो," असं उल्काचं स्पष्टीकरण. मी विचारलं नव्हतं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

टेबलावर पाण्याच्या ग्लासात लाल गुलाब. राधामेसने म्हणे लिफ्टमध्ये भेटेल त्या प्रत्येक बाईला एकेक दिला. मी उल्काला म्हणालो, आपल्यात हे नसतं. ती म्हणाली, "माहितीये."

रविवार, १९ फेब्रुवारी

राधामेसने मला ईस्ट कोस्टला साते, म्हणजे काडीला खोचून भाजलेलं चिकन, खायला नेलं. नाही म्हणायचं होतं, पण शत्रू ओळखून असावा.

समुद्राकडे तोंड करून बसलो. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याच्या गावाबद्दल सांगत होता. तिकडे पुरुषाला शिकवतात की घर बायकोचं, रस्ता तुझा. कुठल्याही भानगडीतून जो पायांवर उभा राहून बाहेर येतो त्याला तिकडे वाघ म्हणतात. त्याचे वडील भरलेल्या पातेल्याशेजारी उपाशी बसून राहायचे, पण कुणी बाई येऊन वाढेपर्यंत झाकण उचलायचे नाहीत. मी म्हणालो, आमचे नानाही अगदी तस्सेच. पहिल्यांदाच आम्हा दोघांना एकमेकांचं काहीतरी पटलं.

मग त्याने विचारलं, "तू? कधी स्वयंपाक करतोस?"

मी म्हणालो, "मी? चौदा वर्षांत गॅस पेटवलेला नाही. घरात मीठ कुठे असतं ते मला माहीत नाही!"

त्याने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "तू खरा पुरुष!" त्यानंतर सातेच्या काड्या नुसत्या ओळीने मांडत बसला. मला वाटतं, माझा थोडा धाक बसला.

बुधवार, २२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी सिंकमध्ये भाताचं पातेलं भिजत होतं. तळाला तपकिरी खरवड, बोटभर जाड. उल्काच्या हातून भात लागला, हे माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही. "लक्ष नव्हतं," म्हणाली आणि हसली. लक्ष कुठे होतं मग?

लहानपणी मला भाताची खरवड फार आवडायची. नानांच्या आणि माझ्या पानात मऊ भात पडायचा, खरवड आईच्या वाट्याला, सगळ्यांची जेवणं झाल्यावर. मी तिच्या पानातून पळवायचो. हे उल्काला मी कधी सांगितलेलं नाही.

अश्लेषाच्या शाळेला तापाची चिठ्ठी लिहून दिली. ती वाचून इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणते, "बाबा, डोन्ट राइट 'काइंडली डू द नीडफुल' लाह! लास्ट टाइम माय टीचर आस्क मी, व्हॉट इज नीडफुल." मी तिला सांगितलं, नागपूरच्या माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलेलं वाक्य आहे, या वाक्याशिवाय माझं एकही पत्र संपत नाही. हल्लीच्या शिक्षकांना इंग्रजी येत नसेल तर माझा इलाज नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

आज मी क्लासमध्ये उतरलो. राधामेस म्हणाला, "पावलं मोजू नकोस एर्मानो, बायकोकडे बघ." मी बघितलं तर उल्का ओठ दाबून हसू आवरत होती. मिसेस चियाच्या पायावर पाय पडल्यावर मी बाहेर आलो.

येताना डंबेल्स विकत घेतली. पाच-पाच किलोची.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

ताप आल्यासारखं वाटलं म्हणून पावणेचारलाच घरी आलो. मंगळवारी अश्लेषाचं शाळेत बॅडमिंटन असतं, घरी उल्का एकटी असते. नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर राधामेस!

मला बघून दचकला. घामाने निथळत होता. एक हात पाठीमागे, त्यात कसलीशी पिशवी. आणि पांढऱ्या शर्टावर, छातीपाशी, लाल डाग. "हॅलो एर्मानो, हॅलो, हॅलो," असं तीनदा म्हणून लिफ्टमध्ये घुसला.

उल्का लिपस्टिक लावत नाही. निदान माझ्या माहितीत.

घरात दालचिनीचा वास होता. सगळ्या खिडक्या उघड्या. उल्काचे केस वर बांधलेले, गाल लालबुंद. मी विचारलं, कोणी आलं होतं का? "नाही," म्हणाली. चौदा वर्षांच्या संसारात माझ्या तोंडावर बोललेलं हे पहिलं खोटं. पहिलं सापडलेलं, असं म्हणू.

फ्रिजमध्ये राजमा भिजत घातलेला दिसला. राजम्याने मला वात होतो, आमच्या घरात तो येत नाही. माझ्या पोटाला काय सोसतं हेसुद्धा ती विसरली.

शुक्रवार, ३ मार्च

खाली लॉबीत आल्टाग्रासिया दिसली. तोंडावर रुमाल धरून भिंतीला टेकून उभी. चेहरा पांढराफटक, अंग उतरलेलं. मी विचारलं तर नुसती मान हलवली. बिचारीला सगळं कळलेलं दिसतंय. तिला म्हणावंसं वाटलं की बाई, आपण दोघं एकाच बोटीत आहोत.

मंगळवार, ७ मार्च

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. अर्धा दिवस रजा टाकून मी स्विमिंग पूलजवळच्या झाडामागच्या बाकावर बसलो. दोन वाजून दहा मिनिटांनी तो आमच्या ब्लॉकमध्ये शिरला. तीन चाळीसला बाहेर आला. मध्येच वरून उल्काच्या हसण्याचा आवाज आला. नऊ मजले खाली ऐकू येईल असं हसणं. हे हसणं माझं आहे असं मला वाटलं, म्हणजे माझ्या घरातलं, आणि ते मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना. पुण्यात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, स्कूटर चिखलात घसरली तेव्हा बहुतेक.

वर जाऊन दार वाजवायला हवं होतं. नानांनी वाजवलं असतं, फोडलं असतं. मी बाकावरच बसलो आणि साडेसहाला नेहमीसारखा घरी गेलो. रात्री पातेलं पुन्हा सिंकमध्ये. खरवड या वेळी पातळ, सोनेरी.

बुधवार, ८ मार्च

अलेक्झांड्रा रोडच्या ऑफिसात लंच अवरमध्ये पत्र टाइप केलं. कमिटीला उद्देशून, खाली "एक चिंतित रहिवासी". डिपेंडंट पासवर राहणारा इसम विनापरवाना क्लास चालवतो, नाच अशोभनीय आहे, कुटुंबवत्सल रहिवाशांना त्रास होतो. संध्याकाळी मॅनेजमेंट ऑफिसच्या पेटीत टाकलं. यात खोटं काहीच नाही. नियम सर्वांना सारखा.

घरी येऊन दुप्पट जेवलो.

सोमवार, १३ मार्च

नोटीस लागली. चौकशी होईपर्यंत क्लास बंद. गरज पडल्यास प्रकरण सरकारी खात्याकडे पाठवू, असंही लिहिलंय. ही ओळ मी सुचवली नव्हती. मिसेस चिया कमिटीच्या चेअरमन, त्या मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आय्या, हू राइट लाइक दॅट वन? माय नी पेन ऑल्सो बेटर बिकॉज ऑफ डान्सिंग, यू नो."

मी म्हणालो, लोक काय, काहीही लिहितात.

रविवार, १९ मार्च

सकाळी चालून येताना राधामेस फंक्शन रूमच्या पायरीवर बसलेला दिसला, चेहरा ओंजळीत. मला बघून डोळे पुसले. म्हणाला, बेसबॉल. आज त्यांची टीम सेमीफायनलला क्यूबाकडून हरली म्हणे. एवढा धिप्पाड माणूस खेळासाठी रडतो! "बेसबॉलसाठी पुरुषाला रडता येतं," म्हणाला. मग बंद दाराकडे बघून म्हणाला, "मला एकच समजत नाही एर्मानो. ज्याने लिहिलं, त्याने माझ्या तोंडावर का नाही सांगितलं? पुरुष तोंडावर सांगतो."

मी म्हणालो, पुढच्या वेळी जिंकाल.

मंगळवार, २१ मार्च

कमिटीने त्याला पत्राची प्रत दिली आणि तो ती घेऊन उल्काकडे आला, उत्तर इंग्रजीत लिहून घ्यायला. हे उल्काने स्वतः सांगितलं. मी जेवत होतो. तिने ते पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"वाचलंस?"

"कमिटीत आलं होतं. वरवर पाहिलं."

"शेवटचं वाक्य वाचलंस?"

मी वाचलं.  या कॉन्डोत एकशेचाळीस घरं. चिनी, मलय, ऑस्ट्रेलियन. "काइंडली डू द नीडफुल" लिहिणारं घर यांत कोणतं असेल, हे सांगायला ऑडिटरची गरज नाही.

उल्काने पत्र उचललं. भात वाढला, तूप वाढलं. अश्लेषाला म्हणाली, लवकर आटप.

शुक्रवार, २४ मार्च

कमिटीची मीटिंग. उल्काने लिहिलेलं उत्तर मिसेस चियांनी वाचून दाखवलं. क्लासला फी नाही, कामाचा प्रश्न येतच नाही. सहा जणांनी क्लास चालू ठेवण्याच्या बाजूने हात वर केले. मोजताना सातवा हात माझा, पण मीच सर्वांत आधी वर केला होता.

शनिवार, २५ मार्च

पाच वाजता फंक्शन रूम उघडली. आठ बायका आणि मिस्टर लिम आले. राधामेस आला नाही. आल्टाग्रासियाकडून निरोप आला, जिथे सगळ्यांसमोर त्याचं नाव चोरासारखं भिंतीवर लावलं तिथे तो परत पाऊल ठेवणार नाही.

घरी आल्यावर अश्लेषा खोलीत जाईपर्यंत उल्का थांबली. मग बोलली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"आल्टाग्रासियाला तिसरा महिना आहे. पोटात काही ठरत नाही. तिला फक्त तिच्या आईच्या हातचा भात आणि राजमा हवा, तळाला खरवड धरलेला. ती रात्री आठला लॅबमधून येते. याला गॅस कसा पेटवतात ते माहीत नाही. म्हणून मंगळवारी शिकायला यायचा. पहिल्यांदा भात जाळला, दुसऱ्यांदा टोमॅटो अंगावर उडवून घेतला."

मी काहीतरी म्हणायला गेलो. तिने हाताने थांबवलं.

"मी म्हटलं, रवीला सांगू या, त्याला गंमत वाटेल. तर याने हात जोडले. म्हणाला, तुमचा नवरा चौदा वर्षांत गॅसजवळ गेला नाही, तो खरा पुरुष, तो मला हसेल. शपथ घातली. म्हणून तुझ्याशी खोटं बोलले."

"त्याला सांगितलंस? पत्राचं?"

"नाही. त्याचं गुपित ठेवलं, आता तुझं ठेवतेय." मग म्हणाली, "त्याचं ठेवताना मला हसू यायचं."

इथे एक कबूल करायला हवं. सगळं समजल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अजूनही त्या माणसाचा हेवाच वाटतो. बायकोला काहीतरी खाता यावं म्हणून तो परक्या घरात हात भाजून घेत होता. उल्काला दिवस गेले तेव्हा तिला काय खावंसं वाटायचं, ते मी आठवून पाहिलं. तिने सांगितलं असणार. तिचे डोहाळे काय होते ते मला माहीत नाही.

गुरुवार, ३० मार्च, गुढीपाडवा

बाल्कनीत गुढी उभारली. संध्याकाळी दोघं जेवायला आली, उल्काने बोलावलं होतं. आल्टाग्रासिया जरा सुधारलेली दिसते. राधामेसच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. दारातच मला म्हणाला, "आधी हसून घे, मग आत येतो. हे मी केलंय."

मी हसलो नाही.

त्याने सगळ्यांच्या आधी माझ्या पानात खरवड वाढली, अख्खी चकती सोडवून. म्हणाला, "आमच्याकडे यावरून घरात भांडणं होतात. हा तुकडा माझ्या भावाला. मीटिंगमध्ये सर्वांत आधी हात तू वर केलास, मिसेस चियांनी सांगितलं." उल्काने माझ्याकडे पाहिलं. मी खाल्ली. अगदी आईच्या पानातली चव. 

जेवणानंतर तो उठला, छातीवर हात ठेवला. "एर्मानो, परवानगी असेल तर एक नाच?"

मी म्हणालो, "मला नको विचारू. तिला विचार."

त्याने तिला विचारलं. उल्का म्हणाली, "थँक यू. पण आता मी नाचत नाही."

चार फेब्रुवारीपासून मला हेच तर हवं होतं.

ती दोघं गेल्यावर उल्काने पातेलं घासून पालथं घातलं. "सी ब्लॉकला परत द्यायचंय. तू नेऊन दे," म्हणाली. "आणि रिकामं नको नेऊस. भांडं रिकामं परत देत नाहीत."

शनिवार, १ एप्रिल

दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात गेलो. गॅस चौथ्या काडीला पेटला. लायटर तिथेच टांगलेला होता हे नंतर दिसलं. अश्लेषा दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, यू ओके ऑर नॉट?" उल्का हॉलमध्येच बसली होती. मी विचारलं, मीठ कुठे असतं? "डावीकडे, निळा डबा," तिने तिथूनच सांगितलं.

भात एका बाजूला करपला, दुसऱ्या बाजूला कणी राहिली. तसाच त्याच्या पातेल्यात काढला. पाच वाजता सी ब्लॉकची बेल वाजवली. राधामेसने दार उघडलं. अंगावर एप्रन. घाईने तो सोडायला लागला, मग माझ्या हातातलं पातेलं बघून थांबला.

"एर्मानो," म्हणाला.

मी म्हणालो, तसं म्हणू नकोस, आधी ऐक. आणि सांगितलं. पत्र, पेटी, झाडामागचा बाक, मंगळवार, सगळं. लिहिताना सोपं गेलं होतं ते बोलताना फार लांबलं. तो मारेल असं वाटलं, मारावं असंही वाटलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून पातेलं घेतलं, झाकण उघडलं, बोटाने एक शीत उचलून तोंडात टाकलं.

"मीठ कमी आहे," म्हणाला, आणि हळूच दार लावून घेतलं.

घरी आल्यावर उल्काने विचारलं, "दिलंस?"

"दिलं."

"काय म्हणाला?"

"मीठ कमी आहे म्हणाला."

ती हसली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, ओटा पुसला. मी मागाहून पाणी प्यायला गेलो तेव्हा निळा डबा नेहमीच्या जागी नव्हता. तो तिने बाहेर ओट्यावर ठेवला होता, मला दिसेल असा.